एक चौकट, एक मुद्दा : थॉमस नास्टच्या आयुष्यातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे?

जयंती, मोर्चा किंवा परिषद जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. वर महापुरुषांचे फोटो, खाली आयोजकांचे पंधरा-वीस चेहरे आणि मध्ये उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत कोंबलेल्या चार-पाच मागण्या. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्यातले चेहरे दिसतात, मागणी दिसत नाही. आम्ही समाजकार्यात आहोत, समाजशास्त्र शिकलो आहोत. अहवाल, आकडेवारी, निवेदन यांचे मोल आम्हाला ठाऊक आहे. पण ज्यांच्या प्रश्नावर अहवाल लिहिला जातो, त्यांच्याच हातात तो बहुतेक वेळा पोहोचत नाही, हेही प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

म्हणून आज आम्ही एका व्यंगचित्रकाराचे आयुष्य सांगणार आहोत. शाळेत त्याचे लिहिणे-वाचणे कधी धड जमले नाही, पण त्याच्या एकेका चौकटीतल्या चित्रांनी न्यूयॉर्क शहरावर कब्जा करून बसलेली भ्रष्ट टोळी उखडून काढायला मोठा हातभार लावला. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराची बाजूही त्याने मांडली. आणि त्याच हाताने त्याने काही समाजांना असे विद्रूप रंगवले की ती चित्रे आजही बोचतात. त्याचे नाव थॉमस नास्ट. त्याच्या आयुष्याच्या या दोन्ही बाजू आपल्या कामाच्या आहेत.

स्थलांतरिताचा मुलगा

नास्टचा जन्म २७ सप्टेंबर १८४० रोजी आजच्या जर्मनीतील लांडाऊ या गावी झाला. वडील लष्करी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. त्यांची राजकीय मते तिथल्या सरकारला मानवणारी नव्हती. १८४६ मध्ये आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली, वडील नंतर आले. मुलाला इंग्रजी येत नव्हते, अभ्यासात मन लागत नव्हते, पण हातात खडू किंवा पेन्सिल आली की तो रमून जाई. शाळा लवकर सुटली. काही काळ चित्रकलेचे शिक्षण घेऊन पंधराव्या वर्षी तो एका सचित्र साप्ताहिकात आठवड्याला ४ डॉलर पगारावर लागला.

त्या काळात वर्तमानपत्रात फोटो छापण्याची सोय नव्हती. आग, दंगल, मिरवणूक, युद्ध, सगळे चित्रकारच काढून दाखवत. चित्रकार गुळगुळीत लाकडी ठोकळ्यावर उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे चित्र काढायचा. मोठ्या चित्रासाठी असे अनेक ठोकळे जोडलेले असत. मग कोरणारे कारागीर रेघ सोडून बाकीचे लाकूड कोरून काढत आणि त्यावरून छपाई होई. या कामातून नास्ट दोन गोष्टी शिकला. चित्र वेळेत द्यावे लागते आणि लांबून पाहणाऱ्यालाही ते कळावे लागते.

१८६० मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तिथून इटलीत पोहोचला. गॅरिबाल्डीच्या सैन्यासोबत राहून त्याने तिथल्या लढ्याची चित्रे पाठवली. १८६१ मध्ये तो परतला, तेव्हा अमेरिका गुलामीच्या प्रश्नावर यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर होती. त्याच वर्षी त्याचे सेरा एडवर्ड्सशी लग्न झाले. नास्ट चित्र काढत असताना ती त्याला पुस्तके वाचून दाखवी आणि चित्राखालचा मजकूर लिहायला मदत करी. नास्टचे नाव जग जाणते. सेराचा वाटा मात्र फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या चळवळीतही अशा कितीतरी सेरा आहेत.

बंदुकीच्या जोडीला चित्र

१८६२ पासून नास्ट 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी काढू लागला. सुरुवातीची त्याची चित्रे गर्दीची असत, एका पानात अनेक प्रसंग. हळूहळू त्याने ती मोकळी केली. सप्टेंबर १८६४ मधले एक चित्र पाहा. युद्ध लांबले होते, लोक थकले होते. दक्षिणेशी तडजोड करावी, गुलामीचा प्रश्न सोडून द्यावा, असे म्हणणारे वाढले होते. निवडणूक तोंडावर होती. नास्टने एक कबर काढली. कबरीच्या एका बाजूला दक्षिणेचा ऐटबाज विजेता, त्याचा एक पाय कबरीवर. दुसऱ्या बाजूला कुबडीवरचा, पाय गमावलेला उत्तरेचा सैनिक, मान खाली घालून हस्तांदोलन करणारा. कबरीपाशी गुडघे टेकून रडणारी कोलंबिया, म्हणजे अमेरिकेचे प्रतीक असलेली स्त्री. कबरीच्या दगडावर लिहिलेले की हे वीर एका निरर्थक युद्धात मेले.

तडजोड या शब्दाला विरोध करायला एक व्याख्यान लागले असते. नास्टने त्या शब्दाची किंमत कुणी मोजली, एवढेच दाखवले. लिंकन यांच्या प्रचारात हे चित्र पुन्हा छापून वाटले गेले.

युद्ध संपल्यावर प्रश्न आला मताधिकाराचा. ऑगस्ट १८६५ मध्ये नास्टने जोडचित्र काढले. एकीकडे बंड करून हरलेले दक्षिणेचे पुढारी कोलंबियापुढे माफीसाठी झुकलेले. दुसरीकडे तिच्या शेजारी उभा असलेला, देशासाठी एक पाय गमावलेला कृष्णवर्णीय सैनिक. आशय सरळ होता : ज्यांनी देश फोडला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा, मग ज्याने तो राखला त्याच्यावर का नाही? त्या सैनिकाच्या चेहऱ्यावर नास्टने लाचारी काढली नाही. तो ताठ उभा आहे. पीडिताला दयेचा विषय न करता हक्काचा धनी म्हणून दाखवता येते, हे त्या काळच्या गोऱ्या चित्रकारांत फार थोड्यांना सुचले होते.

१८७४ मधल्या आणखी एका चित्रात पांढऱ्या वर्चस्ववाद्यांच्या दोन संघटनांचे सदस्य हात मिळवताना दिसतात. त्यांच्या हातांखाली, ढालीच्या आकारात, मेलेल्या बाळाला कवटाळून बसलेले कृष्णवर्णीय जोडपे आहे. मागे जळणारी शाळा आणि झाडाला लटकवलेला माणूस. कायद्याने गुलामी संपली, पण जे आले ते गुलामीहून वाईट आहे, असे हे चित्र सांगते. अत्याचाराच्या बातमीत आजही जळते ते घर आणि शाळाच असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

याच काळात, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतिराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. नास्टची पेन्सिल ज्या लढ्यात चालत होती, त्याच लढ्याकडे जोतिराव इथून आशेने पाहत होते. म्हणून नास्टची गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

ट्वीडचे पोट आणि हिऱ्याची पिन

नास्टचे सर्वात गाजलेले काम मात्र न्यूयॉर्क शहरातले. 'टॅमनी हॉल' ही तिथली डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा होती आणि विल्यम ट्वीड तिचा सर्वेसर्वा. महापालिका, न्यायाधीश, कंत्राटदार, सगळे त्याच्या खिशात. एका न्यायालयाच्या इमारतीसाठी सुरुवातीला अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते. खर्च सुमारे १ कोटी ३० लाखांवर गेला. फरक कुणाच्या घरात गेला, हे सगळ्यांना माहीत होते, पण सिद्ध कोण करणार?

जुलै १८७१ पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फुटलेल्या हिशेबवह्यांतले आकडे छापायला सुरुवात केली. नास्ट त्याआधीपासूनच ट्वीडच्या मागे लागला होता. आता त्याला पुरावा मिळाला. टाइम्सने आकडा दिला, नास्टने त्या आकड्याला चेहरा दिला. हे नाते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. नुसता आकडा विसरला जातो आणि नुसते चित्र निंदा ठरते.

त्याने चेहरा कसा दिला? ट्वीड मुळातच धिप्पाड होता. नास्टने त्याचे पोट वाढवले आणि शर्टावर मोठ्या हिऱ्याची पिन लावली. ही पिन ट्वीड खरोखरच वापरत असे. दर आठवड्याला तेच पोट, तीच पिन. काही आठवड्यांत अशी वेळ आली की नाव लिहायचीही गरज उरली नाही. एका चित्रात तर ट्वीडचे डोकेच नाही, मानेवर पैशांची थैली आहे आणि थैलीवरची डॉलरची खूण हाच चेहरा. ट्वीडची सुरुवात ज्या अग्निशामक पथकातून झाली होती, त्या पथकाचे चिन्ह वाघ होते. नास्टने तोच वाघ उचलला आणि नोव्हेंबर १८७१ च्या निवडणुकीच्या तोंडावर तो रोमन आखाड्यात कोलंबियावर झडप घालताना दाखवला. मागे प्रेक्षकांत ट्वीड आरामात बसलेला. विरोधकाने ज्या चिन्हाचा अभिमान मिरवला, तेच चिन्ह त्याच्याविरुद्धची साक्ष झाले.

ऑगस्ट १८७१ मधले वर्तुळाचे चित्र तर आजही जगभर नक्कल केले जाते. लोकांचा पैसा कुणी चोरला, असा प्रश्न. उत्तरादाखल ट्वीड, त्याचे साथीदार आणि कंत्राटदार गोल करून उभे आहेत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो आहे. एकाही शासकीय कार्यालयात ज्याने हेलपाटे घातले आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून वरच्या साहेबांकडे, साहेबांकडून पुन्हा खाली. नास्टने दीडशे वर्षांपूर्वी तो फेरा एका नजरेत मावेल असा बांधला.

वर्तमानपत्रातल्या लेखांची आपल्याला पर्वा नाही, कारण आपले मतदार वाचत नाहीत, पण ही चित्रे त्यांना दिसतात, अशी ट्वीडची तक्रार होती असे सांगितले जाते. ट्वीडच्या लोकांनी हार्पर प्रकाशनाच्या शालेय पुस्तकांची शहरातली विक्री रोखली. नास्टला युरोपात जाऊन चित्रकला शिकण्यासाठी मोठी रक्कम देऊ केल्याची हकिकत त्याच्या चरित्रात येते. गंमत म्हणून त्याने भाव १ लाखावरून ५ लाख डॉलरपर्यंत चढवला आणि मग नकार दिला. ही रक्कम त्याच्या कित्येक वर्षांच्या कमाईहून मोठी होती.

निवडणुकीत ट्वीडची स्वतःची जागा वाचली, पण टोळीचा पराभव झाला. १८७३ मध्ये तो दोषी ठरला. १८७५ मध्ये पळाला आणि क्युबामार्गे स्पेनला पोहोचला. तिथे १८७६ मध्ये त्याला पकडले, ते नास्टच्या एका चित्रावरून ओळखून. त्या चित्रात कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातल्या ट्वीडने दोन पोरांना धरले होते. इंग्रजी न कळणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना तो मुले पळवणारा वाटला, असे म्हणतात. कारण काहीही समजले असो, चेहरा बरोबर ओळखला. १८७८ मध्ये ट्वीड तुरुंगातच मेला.

त्याच पेन्सिलीची दुसरी बाजू

इथे थांबलो असतो तर ही एका वीराची कथा झाली असती. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे थांबता येत नाही.

टॅमनी हॉलचे बहुसंख्य मतदार गरीब आयरिश कॅथलिक स्थलांतरित होते. १८६३ च्या न्यूयॉर्कमधील दंगलीत आयरिश जमावांनी कृष्णवर्णीयांची हत्या केली होती. नास्टचा राग हवेतून आला नव्हता. पण त्या रागात त्याने काय केले? आयरिश माणूस काढायचा म्हणजे माकडासारखा जबडा, हातात दारूची बाटली आणि सोटा, हा साचाच त्याने पक्का केला. कष्ट करणारा, उपाशी राहणारा, टॅमनीकडूनच फसवला गेलेला आयरिश त्याच्या चित्रांत सापडणे कठीण. स्वतः स्थलांतरिताचा मुलगा असून त्याला ते दिसले नाही.

१८७१ च्या एका चित्रात कॅथलिक बिशप मगरी होऊन शाळकरी मुलांवर चाल करून येतात. त्यांच्या उंच टोप्या हेच मगरींचे जबडे. चित्राचे नाव : अमेरिकेतील गंगा नदी. भारतातल्या आया मुले गंगेत मगरींपुढे टाकतात, अशी चित्रे तेव्हा पाश्चात्य मिशनरी साहित्यात फिरत होती. नास्टने तीच कल्पना वापरली. एका समाजाची बदनामी करायला दुसऱ्या समाजाची बदनामी आयती मिळाली.

आणि सर्वात दुःखद गोष्ट कृष्णवर्णीयांची. ज्याने १८६५ मध्ये तो ताठ सैनिक काढला, त्यानेच मार्च १८७४ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळातले कृष्णवर्णीय प्रतिनिधी भांडखोर, विद्रूप, हास्यास्पद काढले. १८७६ मध्ये एका तराजूच्या दोन पारड्यांत त्याने कृष्णवर्णीय आणि आयरिश मतदार बसवले आणि दोघांना अडाणी मते ठरवले. पुढच्याच वर्षी केंद्राने दक्षिणेतून लक्ष काढून घेतले आणि कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा चिरडले जाऊ लागले. हे एका चित्रामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण उत्तरेतला वाचक कंटाळला होता, आणि त्याच्या कंटाळ्याला या चित्रांनी हसू पुरवले.

आमच्या मते नास्टकडून शिकायचा सर्वात मोठा धडा इथे आहे. लेखात आपण 'काही', 'बहुतेक', 'या प्रकरणात' असे शब्द घालू शकतो. चित्रात 'काही' हा शब्द काढता येत नाही. एका चौकटीतला एक माणूस नेहमी स्वतःपुरता राहत नाही, पाहणाऱ्यासाठी तो सगळ्यांचा प्रतिनिधी होतो. मग तो कशावरून ओळखला जातो, हे निर्णायक ठरते. ट्वीड हिऱ्याच्या पिनेवरून ओळखला जातो. ती त्याने चोरीच्या पैशावर मिरवलेली श्रीमंती आहे, त्याच्या कृत्याची खूण आहे. आयरिश माणूस जबड्यावरून ओळखला जातो. ती जन्माची खूण आहे, आणि जन्माची खूण लावली की ज्याने काहीच केले नाही तोही आरोपी होतो.

जन्मावरून खूण लावणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला कळणार? २०१२ मध्ये अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून देशभर वाद झाला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. चाबूक गोगलगायीवर आहे, त्यात दुखावण्यासारखे काय, असे अनेक विद्वानांनी विचारले. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर चाबूक ओढले गेले, त्यांना तो चाबूक कुठे दिसतो, हे त्यांना विचारावेसे वाटले नाही. पुढे उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील वृत्तपत्रांतली बाबासाहेबांवरील व्यंगचित्रे शोधून २०१९ मध्ये पुस्तकरूपाने आणली. ती एकत्र पाहिली की साचा दिसतो. एकेकट्या चित्राला विनोद म्हणता येते, पण शंभर चित्रांची रांग ही समाजाची नजर असते.

शेवट

नास्टची पडती १८७७ नंतर सुरू झाली. त्याला पाठीशी घालणारे फ्लेचर हार्पर त्या वर्षी वारले. संपादकाशी त्याचे मतभेद जुनेच होते, आता ते वाढले. छपाईचे तंत्र बदलले, लाकडाच्या ठोकळ्याची जागा फोटोवरून ठसा करण्याच्या पद्धतीने घेतली आणि त्याची रेघ पूर्वीसारखी उमटेना. १८८४ मध्ये एका वित्तसंस्थेच्या दिवाळखोरीत त्याची बचत बुडाली. १८८६ अखेर त्याने 'हार्पर्स वीकली' सोडले. १८९२ मध्ये काढलेले स्वतःचे साप्ताहिक काही महिन्यांतच बंद पडले. रिपब्लिकन पक्षाचा हत्ती आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे गाढव लोकांच्या मनात रुजवणारा माणूस कर्जात होता. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला इक्वेडोरमधील ग्वायाकिल येथे वाणिज्यदूत म्हणून पाठवले. तिथे पिवळ्या तापाची साथ आली. तो जागा सोडून गेला नाही. ७ डिसेंबर १९०२ रोजी त्याच तापाने तो गेला.

आपल्यातल्या अनेक तरुणांच्या हातात आज मोबाइल आहे आणि त्यावर पोस्टर करणे पाच मिनिटांचे काम आहे. नास्टला लाकूड कोरून घ्यावे लागे. म्हणूनच आपल्याला जास्त जपायला हवे. समजा शिष्यवृत्ती रखडल्याचा प्रश्न आहे. आधी माहिती अधिकारात अर्ज करून किती विद्यार्थ्यांचे पैसे किती महिने अडले, हे मिळवा. मग पाचपैकी चार मुद्दे बाजूला ठेवा, ते पत्रकात येतील. चौकटीत एकच गोष्ट राहू द्या : पदवीदानाचा झगा घातलेली मुलगी, हातात पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि समोर बंद खिडकी. खिडकीवर खात्याचे नाव स्पष्ट लिहा. वस्तीतल्या न शिकलेल्या आजीला ते दाखवा आणि काय कळले ते विचारा. तिला समजावून सांगावे लागले, तर चित्र बदला, आजीला दोष देऊ नका.

आणि पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी त्या चित्रातल्या दोषी माणसाकडे एकदा पाहा. त्याचे आडनाव, कपाळावरचा टिळा, डोक्यावरची टोपी किंवा त्वचेचा रंग पुसून टाकला, तरी त्याचा गुन्हा चित्रात दिसतो का? दिसत असेल तर ते चित्र पाठवा, चौकाचौकात लावा. दिसत नसेल तर आपण गुन्हा दाखवलेला नाही, फक्त जात दाखवली आहे, आणि ते काम आपल्याविरुद्ध करणारे आधीच पुष्कळ आहेत.